कर्नेलचे संरक्षण

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नेल. संगणकाची स्मृती, प्रोसेसर आणि जोडलेली उपकरणे यांचा कारभार त्याच्या हाती असतो. नव्या उपकरणाचा ड्रायव्हर बहुधा मॉड्यूलच्या रूपाने, संगणक चालू असतानाच, कर्नेलमध्ये दाखल करता येतो. ही सोय मोठी असली, तरी त्यात धोकाही आहे. कारण अशा मॉड्यूलला कर्नेलचे सर्वाधिकार मिळतात. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली, तर तो एकटाच बंद पडतो. मॉड्यूल चुकले, तर सारा संगणक कोसळू शकतो.

१९ जुलै २०२४ रोजी याचा प्रत्यय जगाला आला. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला सदोष फाइल पोहोचली, त्याच्या ड्रायव्हरने मर्यादेबाहेरची स्मृती वाचली आणि विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळ, रुग्णालये, बँका यांचे काम खोळंबले. ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी होती. परंतु स्वाक्षरीने मॉड्यूल कोणाचे हे कळते, ते निर्दोष असल्याची हमी मिळत नाही.

म्हणूनच मॉड्यूलला वेगळे ठेवण्याचे प्रयत्न झाले. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेल्या 'नूक्स' प्रणालीत लिनक्सच्या ड्रायव्हरला कर्नेलच्या स्मृतीत थेट लिहिण्यास मज्जाव होता. बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा सुरू केला जाई. 'मिनिक्स ३' मध्ये ड्रायव्हर कर्नेलबाहेरच चालतात. लिनक्समधील 'ईबीपीएफ' सुविधा तर प्रोग्रॅम चालविण्याआधीच तपासते आणि असुरक्षित आढळल्यास नाकारते. अशा बंधनांमुळे वेग किंवा मोकळीक काहीशी घटते. मात्र एका मॉड्यूलची चूक त्याच्यापुरतीच मर्यादित राहण्याची शक्यता वाढते.