पाटला, मोकाशी आणि प्रधान

मानाच्या पदांना नावे कोणती द्यावीत, हा विषय निघाला की आपल्याकडे शिवराज्याभिषेकाचा दाखला हमखास दिला जातो. १६७४ साली मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. तरीही पेशवा हा शब्द काही मावळला नाही. शिक्क्यावर ‘मुख्य प्रधान’ कोरले गेले. लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील राजगोंडांकडे पाहिले, तर हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने दिसते. येथे कोणी कोश रचला नाही. गावाचा प्रमुख तो पाटला. हा शब्द आपल्या पाटलाच्याच कुळातला. गावदेवाची पूजा देवारी करतो, कुळाच्या देवाची कटोडा. प्रधान या शब्दाचे तर नवलच आहे. रायगडावर प्रधान म्हणजे राज्याचा आधारस्तंभ. येथे प्रधान म्हणजे किकरी वाजवून गोंड घराण्यांची कुळकथा गाणारा. त्याच्या घरची बोली बहुधा मराठी. मान गोंडांहून खालचा, पण तो आल्यावाचून देवकार्य होत नाही.

मोकाशी हा शब्द मात्र सरळ मराठेशाहीच्या हिशेबातला. चौथाईतून २५ टक्के बाबती छत्रपतींची, ६ टक्के सहोत्रा, ३ टक्के नाडगौंडा आणि उरलेला ६६ टक्के मोकासा सरदारांचा. आदिलाबादच्या डोंगरात मोकाशी म्हणजे अनेक गावांवर मान असलेला गोंड प्रमुख. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. पुढे निजामी राजवटीत महसुलाची घडी नव्याने बसली आणि मोकाशांची सत्ता आटत गेली. १९४० साली जोडेघाटास कुमरम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारच्या वतीने हायमेनडॉर्फ या भागात आले. तेव्हाही तंटे सोडविण्यासाठी लोक मोकाशाकडेच जात, असे त्यांना आढळले. वसूल गेला होता, शब्दाला वजन होते.

या संदर्भात आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगावीशी वाटते. १९८४ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने पटेल-पटवारी ही वंशपरंपरागत पदे रद्द केली. त्यानंतर काही वर्षांनी गावच्या बैठकीसाठी निमंत्रितांची यादी आमच्यापुढे आली. तीत एका नावापुढे ‘पाटला’ असे लिहिले होते. पद रद्द झालेले आहे, असा शेरा मारून आम्ही ती ओळ खोडली. नियमाप्रमाणे वागल्याचे समाधानही वाटले.

बैठकीस गाव आलेच नाही. चार-दोन पोरे तेवढी लांब उभी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी खाट टाकली, पाणी दिले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, पटवारी सरकारने केला होता, सरकारने काढला. मला पाटला सरकारने कधी केला होता?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. कचेरीत परतल्यावर नवी यादी केली. पदाच्या रकान्यात काय लिहावे, यावर आमच्या वरिष्ठांनी बराच वेळ घेतला. ‘ग्रामप्रमुख’, ‘आदिवासी पुढारी’ असे दोन-तीन शब्द सुचविले. शेवटी ‘पाटला’ असेच लिहिले, आणि कंसात काहीही घातले नाही.