टेम्पो, पेनड्राइव्ह आणि तिसरी घंटा

1954 साली मुंबई राज्य सरकारने नाट्यस्पर्धा सुरू केली तेव्हा हिंगोली त्या राज्यात नव्हतीच. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्याला जोडला गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि सरकारी स्पर्धा आमचीही झाली. जिल्हा म्हणून हिंगोली वेगळी व्हायला मात्र 1 मे 1999 उजाडावा लागला. तोवर कचेरीचं काम असो की नाटक, परभणीची एसटी ठरलेली. राज्य नाट्य स्पर्धेसाठी जवळची केंद्रं आजही परभणी आणि नांदेडचीच.

इथल्या माणसाला रंगमंच नवा नाही. दसऱ्यात रामलीला मैदानावर उत्तरेकडून आलेली मंडळी रात्री-रात्री रामलीला करतात आणि गावोगावचे लोक ती पाहायला येतात. पण स्वतः उभं राहायचं, अंकाची वेळ सांभाळायची, परीक्षकांसमोर जायचं, हे स्पर्धेने शिकवलं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे तेंडुलकरांचं नाटक 1967 मध्ये रंगायनने याच स्पर्धेसाठी उभं केलं. पुढे त्याच्या संहिता हातोहात फिरल्या. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली, कडेच्या ओळी कापल्या गेलेली प्रत मिळाली तरी तालमी सुरू होत.

तंत्र तेव्हाही होतंच. पार्श्वसंगीताची कॅसेट पेन्सिल घालून नेमक्या जागी फिरवून ठेवायची, आणि विंगेत बसलेल्याने श्वास धरून बटण दाबायचं. टेप गुंडाळली गेली की पाऊस पडायच्या ऐवजी भुताटकी व्हायची. कॅसेटने मराठवाड्याला आणखी एक मोठी गोष्ट दिली. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ प्रत्यक्ष न पाहता केवळ ऐकून पाठ केलेली माणसं आमच्याकडे भरपूर. म्हणजे आता यूट्यूबने नाटक घरात आणलं असं म्हणताना जरा दमानं घ्यायला हवं.

खरा धक्का 2020 च्या मार्चमध्ये बसला. नाट्यगृहं बंद झाली. जुलैमध्ये हृषीकेश जोशींनी ‘मोगरा’ हे ‘नेटक’ केलं; नट आपापल्या घरी, प्रेक्षक तिकीट काढून आपापल्या पडद्यासमोर. लंडनच्या नॅशनल थिएटरने तर 2009 पासूनच आपले प्रयोग चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली होती. टाळेबंदीत त्यांनी ते यूट्यूबवर फुकट खुले केले. गावात बसून लंडनचा प्रयोग पाहता येतो, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. आमची स्पर्धा मात्र थांबली ती थांबलीच. साठावी स्पर्धा 2022 उजाडल्यावर झाली. ती ऑनलाइन घ्यावी का, अशी कुजबुज तेव्हा कानावर यायची. घेतली नाही ते बरंच झालं. नेटवर नाटक करायला स्पर्धेची गरज काय?

तेव्हापासून बदललं ते बरंचसं विंगेमागे. प्रवेशिका ऑनलाइन भरायची. संहिता पीडीएफ. लेखकाचं परवानगीपत्र व्हॉट्सॲपवर. दिग्दर्शक पुण्यात नोकरीला असेल तर तालमीचा व्हिडिओ रात्री त्याला जातो आणि सकाळी व्हॉइस नोट येते: दुसऱ्या प्रवेशात टेबल डावीकडे घ्या, आणि तो मधला हुंदका काढून टाका. संगीत पेनड्राइव्हमध्ये. निकालासाठी पेपरची वाट पाहावी लागत नाही, आणि निकालावरची भांडणंही चहाच्या टपरीवरून ग्रुपवर गेली आहेत. तिथे ती जास्त दिवस चालतात.

रंगमंचावर जे बदललं त्यातलं सगळंच काही मला रुचत नाही. पाठीमागे प्रोजेक्टर लावून ढग पळवले की नेपथ्य झालं, असं वाटणारे दिग्दर्शक वाढलेत. ढग सुंदर असतात, पण समोरच्या नटाच्या तोंडावर उजेड नसतो. मुलांचा प्रश्न याहून वेगळा. रील्स करून आलेला मुलगा चेहऱ्याने अप्रतिम बोलतो. भुवई उचलतो, ओठ दुमडतो, सगळं मोबाइलच्या अंतरावरून दिसेल एवढंच. तालमीत त्याला शेवटच्या भिंतीकडे बोट दाखवून सांगावं लागतं, ‘आवाज तिथं आपटू दे.’ कॉलर माइक लावू का, असं तो विचारतो. हाच मुलगा पाठांतरात मात्र पटाईत असतो, कारण समोरच्याचे संवाद मोबाइलवर रेकॉर्ड करून गाडीवर जाता-येता तो उजळणी करतो. आमच्या वेळी हे नव्हतं, याचा थोडा हेवा वाटतो.

टेम्पो तेवढा सुटलेला नाही. प्लायवूडचे फ्लॅट, एक कॉट, दोन खुर्च्या दोरीने बांधून पहाटे निघायचं, दुपारी लाइट लावायचे, संध्याकाळी तिसरी घंटा, आणि रात्री परत. एवढ्या खटाटोपाचं नाटक प्राथमिक फेरीत बाद झालं की संपतं. उरतो कुणीतरी पाचव्या रांगेतून हलत्या हाताने घेतलेला व्हिडिओ, ज्यात संवादापेक्षा शेजाऱ्याचा खोकला स्पष्ट. स्पर्धेचा निवडक ऐवज तरी नीट तीन कॅमेऱ्यांनी टिपून सांस्कृतिक कार्य संचालनालयाने खुला करावा, असं मला वाटतं. सेनगाव-औंढ्याच्या पोरांना मुंबईचं नेपथ्य बघायला मिळेल आणि मुंबईलाही इकडची भाषा ऐकू येईल. त्याआधी लेखक-कलावंतांच्या मानधनाचं ठरवावं लागेल. फुकट वापराला ते नाही म्हणाले, तर त्यांचं काही चुकणार नाही.