एका यादीची शंभर वर्षं

'ज्युनियर कॉलेज' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अकरावी-बारावी येते. १९७५ च्या सुमारास महाराष्ट्रात दहावी-बारावीची नवी रचना आली आणि हा शब्द घरोघरी रुळला. शब्द मात्र मूळचा अमेरिकेतला, आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा. बारावीनंतरच्या चार वर्षांच्या पदवीपैकी पहिली दोन वर्षं जिथे शिकता येतात, ते तिथलं ज्युनियर कॉलेज. आता त्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. गावातल्या अशा कॉलेजात दोन वर्षं काढायची, फी कमी, घरचं जेवण, आणि मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. या वाटेला तिथे 'ट्रान्सफर' असं नाव आहे.

या वाटेवरच्या प्रत्येक मुलाच्या हातात एक यादी असते. इंग्रजी लेखन, गणित, एक भौतिक विज्ञान, एक जीवशास्त्र, कला, तत्त्वज्ञान किंवा साहित्य, दोन सामाजिक शास्त्रं. ज्याला इंजिनिअर व्हायचंय त्यालाही कलेचा इतिहास, आणि जिला चित्रकार व्हायचंय तिलाही प्रयोगशाळा. याला म्हणतात 'जनरल एज्युकेशन'. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. "सर, आम्हाला हे कशाला?" हा प्रश्न दरवर्षी एक तरी विद्यार्थी विचारायचा. त्यामुळे या यादीकडे मी जरा आपुलकीनंच पाहतो. पण तिचा इतिहास वाचला तेव्हा लक्षात आलं की ती ज्ञानाची यादी म्हणून जन्मली आणि वाढली मात्र चलनी नोटेसारखी.

सुरुवात श्रीमंतांच्या विद्यापीठात झाली. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं कारभार केला आणि ठरावीक अभ्यासक्रम मोडून 'ज्याला जे हवं ते शिका' ही पद्धत आणली. त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांना ही मोकळीक फार वाटली. त्यांनी नियम केला, एका विषयात खोल जा, पण बाकीच्या ज्ञानशाखांमधूनही थोडं थोडं घ्या. आजच्या यादीचं बीज इथे आहे. पुढे १९१९ मध्ये कोलंबिया विद्यापीठानं पहिल्या महायुद्धाच्या धक्क्यातून 'समकालीन संस्कृती' हा विषय सर्वांना सक्तीचा केला. (डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात होते ते १९१३ ते १९१६ या काळात. म्हणजे हा अभ्यासक्रम त्यांच्यानंतर तीन वर्षांनी आला.) आणि १९४५ मध्ये, दुसरं महायुद्ध संपता संपता, हार्वर्डनं स्वतंत्र समाजातल्या सामान्य शिक्षणावर एक मोठा अहवाल काढला. त्याच्या तांबड्या पुठ्ठ्यामुळे तो 'रेडबुक' म्हणूनच ओळखला जातो. विचार उदात्त होता. डॉक्टर, वकील, कारखानदार काहीही व्हा, पण एका देशाचे नागरिक म्हणून तुमच्यात काही समान असलं पाहिजे.

आता दुसरा धागा पाहा. १८९० च्या दशकात शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी आपल्या विद्यापीठाचे दोन भाग केले. पहिली दोन वर्षं 'ज्युनियर', पुढची 'सीनियर'. त्यांच्याच प्रेरणेनं १९०१ मध्ये शिकागोजवळच्या जोलिएट गावात, तिथल्या हायस्कूलमध्येच, पुढच्या दोन वर्षांचे वर्ग सुरू झाले. विद्यार्थी होते सहा. आजही चालू असलेलं अमेरिकेतलं सर्वांत जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज ते हेच.

पण गावातल्या हायस्कुलात शिकवलेला गणिताचा तास विद्यापीठातल्या तासाच्या तोडीचा आहे हे ठरवणार कोण, आणि मोजणार कसा? मोजमाप मिळालं ते एका अगदी वेगळ्याच कारणानं. १९०५ मध्ये पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्यासाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर 'कॉलेज' कशाला म्हणायचं हे आधी ठरवायला हवं. म्हणून कार्नेगी प्रतिष्ठाननं अट घातली की, प्रवेश घेणाऱ्या मुलानं हायस्कूलमध्ये चौदा 'युनिट' केलेली असली पाहिजेत, आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे १२० तास. पेन्शन हवी असलेल्या कॉलेजांनी ती अट मुकाट्यानं मान्य केली. कॉलेजातलं शिक्षणही मग तासांवर मोजलं जाऊ लागलं. आज जगभर, आणि आता आपल्या विद्यापीठांतही, ज्या 'क्रेडिट'चा एवढा बोलबाला आहे, त्याच्या मुळाशी म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या पेन्शनची काळजी आहे. मला इतिहासातल्या अशा गमती फार आवडतात.

ही दोन सूत्रं एकत्र आली ती कॅलिफोर्नियात. १९०७ मध्ये तिथल्या विधिमंडळानं हायस्कूलना पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवण्याची परवानगी दिली आणि १९१० मध्ये फ्रेस्नो या शेतीप्रधान शहरात पहिलं ज्युनियर कॉलेज निघालं. पुढे ती गावोगावी झाली. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत १९४७ मध्ये फोडणारा जॅकी रॉबिन्सन आधी पॅसाडीना ज्युनियर कॉलेजात होता, तिथून तो लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गेला. त्याच १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या उच्चशिक्षण आयोगानं देशभर अशा कॉलेजांचं जाळं विणण्याची शिफारस केली. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते या आयोगामुळे.

युद्धावरून परतलेले सैनिक आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांची मुलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांपुढे रांग लागणार हे उघड दिसत होतं. बेकर्सफील्डच्या आमदार डोरोथी डोनाहो यांनी विधिमंडळात ठराव मांडून आराखडा मागवला. तो १९६० मध्ये कायदा झाला, पण तो मंजूर होण्याच्या काही दिवस आधीच त्यांचं निधन झालं. कायद्याला त्यांचं नाव आहे. हाच प्रसिद्ध 'मास्टर प्लॅन'. त्याचं श्रेय बहुतेक वेळा विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांना दिलं जातं. 'टाइम' साप्ताहिकानं त्यांना मुखपृष्ठावर झळकावलं होतं.

या आराखड्याचं कौतुक करताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्यानं दारं उघडली तशी काही अरुंदही केली. आधी हायस्कूलमधली वरची साधारण १५ टक्के मुलं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात आणि निम्मी मुलं राज्य कॉलेजांत जाऊ शकत. आता ते प्रमाण अनुक्रमे साडेबारा टक्के आणि एक तृतीयांश झालं. उरलेल्यांसाठी कम्युनिटी कॉलेज, कुणालाही खुलं. आणि या बदल्यात सरकारनं एक वचन दिलं. विद्यापीठांतल्या पहिल्या दोन वर्षांच्या जागा ४० टक्क्यांवर ठेवू आणि शेवटच्या दोन वर्षांच्या ६० टक्क्यांवर नेऊ. म्हणजे तिसऱ्या वर्षाला जागा मोकळ्या राहतील, त्या तुमच्या. पुढच्या दारानं ज्याला परत पाठवलं, त्याला दोन वर्षांनी बाजूच्या दारानं आत घ्यायचा हा करार होता. म्हणून बाजूच्या दाराची किल्ली, म्हणजे ती यादी, इतकी मोलाची.

घोटाळा असा झाला की किल्ल्या अनेक होत्या. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची यादी एक, स्टेट युनिव्हर्सिटीची दुसरी, आणि आतल्या एकेका शाखेच्या अटी आणखी वेगळ्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलानं आपण कुठे जाणार हे पहिल्या सत्रातच ठरवायचं! चुकलं तर केलेला विषय पुढे मोजला जात नाही. मोजला गेला तरी 'ऐच्छिक' म्हणून, जिथे त्याचा उपयोग नसतो. १९८५ मध्ये कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठाला चालतो याची संगणकीय नोंदवही, 'असिस्ट', सुरू झाली. मास्टर प्लॅनचा फेरविचार करणाऱ्यांनी एकच सामाईक यादी करा असा आग्रह धरला आणि १९९१ मध्ये ती आली. तिचं नाव 'आयगेट्सी'. दोन्ही विद्यापीठांना चालणारी यादी म्हणून तिचा गाजावाजा झाला. पण तळटीप होतीच. स्टेट युनिव्हर्सिटीला जायचं तर भाषणकलेचा विषय हवा, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला जायचं तर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा हवी. शिवाय इंजिनिअरिंगच्या मुलांना ही यादी फारशी मानवत नसे. त्यांना आधी गणित आणि भौतिकशास्त्राचा डोंगर चढायचा असे.

हे सगळं कागदोपत्री वाटेल, पण त्याची किंमत मोजणारी माणसं होती. अमेरिकेच्या केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं २०१७ मध्ये एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटं वाया गेली असावीत, असा अंदाज त्यात होता. देशभरातल्या सर्व प्रकारच्या कॉलेजबदलांचा हा आकडा आहे, एकट्या कॅलिफोर्नियाचा नाही. तरी विचार करा, रात्री दुकानात काम करून सकाळी वर्गात बसलेल्या मुलाचा प्रत्येक पाच विषयांमागे दोन विषयांचा अभ्यास हिशेबातून गळतो. कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर आहे, म्हणजे तिथल्या मानानं कमीच. वाया जातं ते वर्ष. माझ्या मते या व्यवस्थेतला खरा अन्याय इथेच आहे. दोन संस्थांचा एकमेकींवर विश्वास नाही, आणि त्या अविश्वासाचं बिल तिसऱ्याच्या नावानं फाडलं जातं.

२०१० मध्ये 'ट्रान्सफरसाठीची पदवी' असा साठ युनिटांचा नवा प्रकार कायद्यानं आला. ती मिळवणाऱ्याला स्टेट युनिव्हर्सिटीत जागेची हमी. आणि २०२१ मध्ये विधिमंडळानं दोन्ही विद्यापीठांना बजावलं, आता एकच यादी करा. ती 'कॅल-गेट्सी' या नावानं २०२५ च्या हिवाळ्याआधीच्या सत्रापासून लागू झाली. ३४ युनिटं, अकरा विषय आणि एक प्रयोगशाळा. त्याच सत्रापासून सहा विषयांना सगळ्या कॉलेजांत समान क्रमांक मिळाले, म्हणजे एका गावचं 'मानसशास्त्र १' आणि दुसऱ्या गावचं 'मानसशास्त्र १०१' हे एकच आहे का, हा वाद त्या सहांपुरता तरी मिटला.

यादी एक करायची म्हणजे कुणीतरी काही सोडायचं. काय सोडलं हे मला फार बोलकं वाटतं. भाषणकला राहिली, आता ती सर्वांना आहे. स्टेट युनिव्हर्सिटीचा 'आयुष्यभराचं शिक्षण आणि आत्मविकास' हा विभाग गेला. आणि दुसरी भाषाही यादीतून गेली. जुन्या यादीत या भाषेच्या अटीला एक छान पळवाट होती. इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं नीट पार केलेली असली की अट पुरी. म्हणजे मराठी शाळेची गुणपत्रिका तिथे कामाला येत असे!

एक विभाग मात्र नव्यानं आत आला, वांशिक समाजांच्या अभ्यासाचा. त्याची मागणी जुनी. १९६८ च्या नोव्हेंबरपासून १९६९ च्या मार्चपर्यंत सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांनी संप केला, तेव्हा कुठे या विषयाचं स्वतंत्र महाविद्यालय मिळालं. सक्ती व्हायला २०२० चा कायदा यावा लागला. मूळनिवासी, आफ्रिकी, लॅटिनो आणि आशियाई अमेरिकनांचा इतिहास त्यात येतो. १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ठाणं मांडणारा गदर पक्ष आणि त्यातले आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हेही याच इतिहासाचा भाग आहेत.

कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आणि वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी आहेत. २०२५ च्या आधी ज्यांनी प्रवेश घेतला आणि शिक्षण मध्ये तोडलं नाही, त्यांना जुन्या याद्या पुऱ्या करण्याची मुभा आहे. त्यामुळे काही वर्षं नवी आणि जुन्या याद्या शेजारी शेजारी चालतील. तिथल्या समुपदेशकाच्या टेबलासमोर मूल येऊन बसलं की, तुला काय व्हायचंय, हे विचारण्याआधी त्याला विचारावं लागतं, "तू प्रवेश कोणत्या वर्षी घेतलास?"