दौलताबादचा घाट, गळकी जीप आणि बंद नळातले पाणी

#धागा

दौलताबादचा किल्ला मागे टाकून वेरूळकडे निघाले की रस्ता घाटात शिरतो आणि जुन्या तटबंदीतील दिल्ली दरवाजातून वर चढतो. या चढावर बॉनेट उघडून उभी असलेली जुनी वाहने मी लहानपणापासून पाहत आलो आहे. चालक बाटलीने पाणी ओततो, वाफ निवते, गाडी पुढे जाते. गेल्या हिवाळ्यात तेथे उभी असलेली जीप माझ्या मामांची होती आणि तिच्यात वेरूळच्या फळगाड्यांवर पोहोचवायचे पेरू होते.

जीप माझ्याहून वयाने मोठी. वर्षभर ती रोज थोडे पाणी ‘पीत’ होती, परंतु जमिनीवर थेंबही दिसत नसे. इंजिनाचे हेड उघडावे लागले तर खर्च जीपच्या किमतीपलीकडे जाईल, असे दोघांनी सांगितले होते. भंगारवाल्याशी बोलणेही झाले होते. पाणी जाते कोठे, एवढाच प्रश्न उरला होता. त्याच्या उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी थंड करण्याची सोयच नव्हती. ते उकळून वाफ होऊन जाई आणि वाटेत पुन्हा भरावे लागे. म्हणजे पाणी संपणे हा दोष नव्हता, ती रीतच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखे रेडिएटर केले आणि तेच तेच पाणी फिरवून गार करणे सुकर झाले. फोर्डच्या ‘मॉडेल टी’च्या पहिल्या काही गाड्या वगळता पुढच्या सर्व गाड्यांत पंपही नव्हता: तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, गार झालेले खाली उतरे.

खरा बदल घडला तो झाकणाने. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवणारे झाले, तेव्हा पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकला. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. उघड्यावर, आपल्या भागाच्या उंचीला, ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. ही सवलत फुकट मिळाली नाही. दाबाखालचे पाणी सापडेल त्या फटीतून बाहेर पडू लागले आणि इंजिन निवताच फट मिटून तो पुरावाही नाहीसा होऊ लागला.

दाबाखालच्या बंद नळाची ही अडचण दौलताबादच्या परिसराला फार जुनी. किल्ल्यातला प्रचंड हत्ती हौद आपण पाहतो, पण डोंगरातून पाणी आणणाऱ्या भाजक्या मातीच्या नळांकडे सहसा लक्ष जात नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीतही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरीचे पाणी जमिनीखालूनच आले. अठराव्या शतकातली पाणचक्की त्याच परंपरेतली. दूरच्या डोंगरातला झरा, मातीचे बंद नळ, आणि शेवटी स्वतःच्याच दाबाने मनोऱ्यावर चढून चक्कीकडे कोसळणारे पाणी. पुण्यात कात्रजहून शनिवारवाड्याकडे नेलेल्या पेशवेकालीन नळावर अशाच कामासाठी ‘उच्छ्वास’ बांधले. हवा बाहेर पडावी आणि दाब अनावर होऊ नये, ही त्यामागची योजना. माझा स्वतःचा तर्क असा की, गळती शोधायलाही या मनोऱ्यांचा उपयोग होत असावा. एका ठिकाणी पाणी पुरेसे चढते आणि पुढच्या ठिकाणी चढत नाही, तर दोष त्या दोहोंच्या मधेच असणार. सगळी वाट खणण्याची गरज उरत नाही.

आमच्या उस्तादांनी नेमके हेच केले. (आमच्याकडे जाणत्या मेकॅनिकला उस्तादच म्हणतात.) त्यांनी आधी गाडी रात्रभर निवू दिली. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी उसळते आणि तोंड-हात भाजतात. सकाळी त्यांनी तेलाची कांडी पाहिली. तेल दुधाळ झालेले नव्हते. पाणी काठोकाठ भरून, झाकण न लावता इंजिन चालू केले. पाण्यात सतत बुडबुडे येत नव्हते. धुरालाही वाफेचा पांढरेपणा नव्हता. म्हणजे हेड गॅस्केट बहुधा शाबूत होते. मामांनी तेव्हा प्रथम खुर्ची ओढून घेतली.

मग इंजिन बंद करून, रेडिएटरच्या तोंडावर काटा असलेला हातपंप बसवून झाकणाला सोसेल तेवढाच दाब भरला. काटा सावकाश उतरू लागला. सर्वांचे बोट रेडिएटरच्या खालच्या टाकीकडे वळले, कारण तेथे पिवळट डागांचे थर होते. मीही तेच म्हणालो. उस्तादांनी तेथे कोरडे फडके फिरवले आणि ते कोरडेच राहिले. डाग खरे होते, पण जुन्या गळतीचे. अभिलेखागारात कागदाची तारीख न पाहता निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याची जी फजिती होते, ती माझी झाली.

पाणी निघाले वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्रातून. हे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता येथून बाहेर पडावे आणि मालकाला सूचना मिळावी. परंतु आमच्या जीपमध्ये ते थेंब पंख्याच्या वाऱ्याने मागे उडून तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडत आणि तेथेच वाळत. आरसा आणि विजेरी लावून पाहिल्यावर इंजिनाच्या अंगावर त्यांची पांढरी रेघ दिसली.

पिवळ्या थराचा उलगडा मामांनीच केला. रेडिएटर गळू लागले की त्यात हळद टाकायची, हा आपल्याकडचा जुना उपाय. हळद फुगून बारीक भोक बुजवते हे खरे, तथापि ती रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजवते. मामांनी वर्षभर हळद टाकली होती. गळती होती पंपात आणि औषध चढत होते रेडिएटरला. वाटेत घरी पोहोचण्यापुरता हा उपाय मी समजू शकतो, वर्षभर मात्र नाही.

पंप नवा बसला. रेडिएटरच्या टाक्या उघडून नळ्या साफ केल्या व पुन्हा झाळून बसवल्या. दोन्ही होज पाइप व क्लिपाही बदलल्या. साध्या पाण्याऐवजी कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरले. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे अनेकांना वाटते. त्यातल्या ग्लायकॉलने उत्कलनबिंदू वाढतो आणि गंजरोधक द्रव्यांमुळे आतला धातू टिकतो. दुसऱ्या महायुद्धातले स्पिटफायर विमानही ग्लायकॉलमिश्रित पाण्यावर गार राही, आणि रेडिएटरला गोळी लागली तर इंजिन काही मिनिटांत जखडून जाई. काढलेले कूलंट रस्त्यावर ओतू नये. ते चवीला गोड असते, कुत्री चाटतात आणि मरतात.

इतके करूनही पहिल्याच फेरीत काटा वर गेला. मामांचा चेहरा पुन्हा उतरला. गळती मात्र नव्हती, आत हवा अडकली होती. गाडी निवल्यावर उस्तादांनी ती घाटाच्या चढाला, नाक वर करून उभी केली. झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालवले आणि वरचा होज हाताने दाबत राहिले. रेडिएटरचे तोंड आता सर्वांत उंच होते. तेथून बुडबुडे आले, पातळी खाली गेली, पुन्हा भरले. कात्रजच्या नळावरचा उच्छ्वास वेगळे काय करतो?

झाकण लावले आणि जीप दिल्ली दरवाजातून थेट वेरूळपर्यंत गेली. त्यानंतर महिनाभर मामा रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, झाकण उघडून पातळी पाहत. ती अर्धे बोटही उतरली नाही.