केंद्रकातील ठिपके

शिरूर कासारच्या शेतकऱ्याला पेशीच्या अंतरंगाची कथा कशाला, असे कोणी विचारील. घरातले पोर चालता चालता पडू लागले, त्याचे स्नायू झिजू लागले, की आपण पूर्वजन्मीचे पाप शोधतो, नाहीतर आईच्या माहेराला बोल लावतो. म्हणून ही कथा ऐकावयाची.

१८३१ साली रॉबर्ट ब्राउन याने पेशीतील केंद्रकाला नाव दिले. १९१० साली स्पेनच्या काहाल याला त्या केंद्रकात बारीक पुंजके दिसले. १९६१ साली बेक याने त्यांना ‘ठिपके’ म्हटले. पण ठिपके कशासाठी, हे कोणास सांगता येईना. डोळ्यांनी आधी पाहिले, बुद्धीला मागाहून उमगले.

उमज पडण्यास १९७७ साल उजाडावे लागले. तहसिलीतले मूळ दप्तर बाहेर जात नाही, नक्कल मिळते. तसेच येथे आहे. जनुकांचे दप्तर केंद्रकात राहते आणि आरएनएची नक्कल बाहेर पडते. त्या वर्षी शार्प आणि रॉबर्ट्स यांच्या प्रयोगांतून कळले की, या कच्च्या नकलेतील अनावश्यक मजकूर कापून उरलेले तुकडे जोडावे लागतात. हे काम करणारी प्रथिने ज्या ठिकाणी साठून असतात, तेच हे ठिपके, हेही पुढे उलगडले.

याच १९७७ साली हैदराबादेत डॉ. पुष्पमित्र भार्गव यांच्या नेतृत्वाखाली पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र स्थापन झाले. हैदराबाद आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत बीड जिल्हा त्याच राज्यात होता. वरच्या कोर्टाची आणि वरच्या शिक्षणाची वाट तिकडेच जात असे. त्या केंद्रात डॉ. वीणा परनाईक यांनी लॅमिन नावाच्या प्रथिनाचा अभ्यास केला. लॅमिन केंद्रकाच्या भिंतीला आतून जाळीचा आधार देते. काही लॅमिन आतल्या भागातही असते. कोवळ्या पेशीची स्नायूपेशी होऊ लागली की आतल्या लॅमिनची मांडणी पालटते, असे त्यांच्या गटाने २००१ साली दाखविले. २००२ साली त्यांनी ही मांडणी मुद्दाम विस्कटून पाहिली. तेव्हा ठिपके विरले आणि नकला निघण्याचे कामही मंदावले. हे ठिपके केवळ लॅमिनवर उभे नसतात. सॉन आणि एसआरआरएम २ ही प्रथिने त्यांचा गाभा धरून ठेवतात, असे २०२० साली दिसून आले. तथापि एक गोष्ट पक्की झाली: दप्तरात काय लिहिले आहे, एवढ्यानेच कारभार चालत नाही; कचेरीची मांडणीही नीट असावी लागते.

आता त्या पोराकडे वळू. स्नायू झिजण्याच्या एका प्रकाराचे मूळ लॅमिनच्या जनुकात आहे, हे १९९९ साली फ्रान्समधील जिझेल बॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. पुष्कळदा हा बदल आईत नसतो, बापातही नसतो. त्या मुलातच प्रथम उद्भवतो. आणि तो वारशाने आला, तरी त्यात पाप कोणाचे? रोग समूळ घालविणारे औषध अजून हाती नाही. परंतु या रोगात हृदयाचे ठोकेही बिघडतात. ते वेळीच तपासले तर प्राण वाचू शकतात. तेव्हा अशा घरी गेल्यावर कुळाची चौकशी करू नका. मुलाचे हृदय तपासले काय, एवढेच विचारा.