घसाऱ्याचा रकाना

मुकुटबनचं आमच्या आबाजींचं घर मातीचं आहे. सागवानी खांब, वर कवेलू, हातभर जाड भिंती. मे महिन्यात बाहेर डोकं फुटायची वेळ येते, तेव्हा आत पंख्याशिवाय झोप लागते. मागच्या वर्षी काकाजी म्हणाले, "पाडू अन् स्लॅब टाकू." कागदपत्रांसाठी मी नमुना ८ चा उतारा काढला. त्यात एक शब्द डोळ्यात खुपला: घसारा.

गावातली घरपट्टी भांडवली मूल्यावर ठरते. इमारत जितकी जुनी, तितका घसारा जास्त आणि किंमत कमी. कर कमी भरावा लागतो, हे चांगलंच. पण आमच्या घराच्या वयाची दखल घेणारा सरकारी कागद माझ्या हातात हा एकच होता, आणि त्यात वय वजाबाकीत धरलेलं होतं.

हेच वय दुसऱ्या यादीत बेरजेत येतं. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. शहरातल्या सहाशेहून जास्त वास्तू आणि परिसरांना तीन श्रेणी मिळाल्या. यादीतली इमारत मालकाच्या मर्जीनं पाडता येत नाही. १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचं. ते मोडकळीला आलं होतं. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले आणि दुरुस्ती सुरू झाली. २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

तुम्ही म्हणाल, मुंबईचं काय सांगता? मग आमच्या शेजारचं चंद्रपूर घ्या. गोंड राजांनी बांधलेला तिथला परकोट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तरी त्यावर झाडंझुडपं माजली होती. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी कोयते, फावडी घेऊन दोनशे दिवस तो साफ केला. तेव्हा कुठे देशाचं लक्ष तिकडे गेलं. यादीत नाव असूनही भिंत झाकली जाते, हे मी तिथे शिकलो. नाव नसेल तर काय होत असेल?

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. त्यात 'सांस्कृतिक कार्य' आहे, जुन्या इमारतींचा वेगळा विषय नाही. पण ग्रामसभेला ठराव करायला कोण अडवतं? गावातली जुनी घरं, विहिरी, देवळं यांची एक साधी यादी करावी: कुठे आहे, कशाची बांधणी, कोणत्या काळातली. जो जुनं घर नीट राखतो, त्याचं नाव १५ ऑगस्टला झेंड्याखाली पुकारावं. याला खर्च एका वहीचा.

यादीनं छत गळायचं थांबत नाही, हे मला कळतं. पावसाळ्यात कवेलू फेरायला काकाजीच वर चढतात आणि आता त्यांचे गुडघे दुखतात. म्हणून मी त्यांना "पाडू नका" म्हणालो नाही. या वर्षी कवेलू मी फेरले. मग अर्ज लिहिला आणि सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "आबाजीनं बांधलं, हे लिहिलं नाहीस." मी ते लिहिलं. त्यांनी सही केली.