तेरची माती आणि तान्ह्याची खेळणी

घरात बाळ जन्मले की बारशाच्या वा बाप्तिस्म्याच्या निमित्ताने खेळणी येऊ लागतात. देणाऱ्यांचे प्रेम मोठे असते. परंतु चार महिन्यांच्या तान्ह्यापुढे चावीची मोटार ठेवली तर त्याने तिचे काय करावे? कोणत्या वयाला कोणते खेळणे, हा प्रश्न आजचा वाटतो. प्रत्यक्षात तो फार जुना आहे. त्याचा मागोवा घेण्यासाठी आपण धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर या गावी जाऊ.

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर नगर. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या पेठेचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. गावच्या पांढरीच्या टेकाडांत सापडणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्या गृहस्थांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. आज त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात त्या पाहावयास मिळतात. सुप्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीबरोबर तेथे भाजलेल्या मातीच्या मानवाकृती आणि प्राण्यांच्या आकृतीही आहेत. सातवाहन काळातील कारागीर दोन साच्यांत दोन अर्धे भाग घडवून ते जोडत. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ व हलकी होई. यांतील कोणती वस्तू पूजेतली आणि कोणती लेकराच्या हातातली, हे दरवेळी ठामपणे सांगता येत नाही. परंतु मातीची खेळणी करण्याची परंपरा आपल्या देशात तगरहूनही कितीतरी प्राचीन आहे. सिंधू संस्कृतीच्या नगरांत मातीच्या छोट्या गाड्या आणि खुळखुळे सापडले आहेत. पोकळ गोळ्यात लहान खडे घालून तो चोहोबाजूंनी बंद करीत व मग भाजत. खडा बाहेर येऊन तान्ह्याच्या तोंडात जाण्याची वाटच त्यात ठेवलेली नसे!

आपल्या घरांतही हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. बाळ पाळण्यात असते तेव्हा त्याचे डोळे व कान शिकत असतात. म्हणून वर रंगीत कापडी चिमण्या टांगल्या जात. तीन-चार महिन्यांनी मूठ वस्तू धरू लागते, तेव्हा खुळखुळा येतो. सहाव्या-सातव्या महिन्यात मूल बसू लागले की हाती येईल ते तोंडात जाते. या वयाला लाकडी चमचा आणि पितळी वाटी यांहून निराळे खेळणे क्वचितच लागते. मग मूल रांगू लागते आणि घराची सारी व्यवस्था बदलते.

रांगत्या मुलाची तेरशी जोडलेली एक कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. संत गोरा कुंभार याच गावचे. पत्नी पाण्याला गेली असता ते नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडवीत होते. रांगत आलेले तान्हे मूल पायाखाली आले, तरी त्यांना कळले नाही. पुढे विठ्ठलकृपेने ते मूल परत मिळाले, असे कथा सांगते. भक्तीच्या या कथेचा अर्थ वारकरी परंपरेने जाणला आहेच. तो मान्य करूनही आई-बापांनी तिच्यातील एक साधी गोष्ट पाहावी. कुंभाराच्या अंगणात खेळण्यांना काय तोटा असणार? तरीही मूल निघाले ते बापाकडे.

चालण्याच्या उंबरठ्यावर आपल्याकडे पांगुळगाडा देत. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि गाडा पुढे ढकलते. हल्लीच्या चाकांच्या वॉकरमध्ये ते लोंबकळत बसते. पायांत बळ येण्याआधीच वेग येतो आणि जिन्यावरून वा चुलीजवळ अपघात घडतात. म्हणूनच कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

मुलाच्या वाढीला अनुसरून साधन निवडावे, हा विचार मारिया माँटेसरी यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने, माती अशा भोवतालच्या वस्तूंनाच शिक्षणाचे साधन केले.

आज बाजार भरलेला आहे. २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह आवश्यक झाले आहे. ते अवश्य पाहावे. सुटा होणारा बारीक भाग, उघडी पडणारी बटणाएवढी बॅटरी, निघणारा रंग यांपासून तान्ह्याला जपावे. मात्र एवढे करून पालकांचे कर्तव्य संपत नाही. खुळखुळा वाजला की बाळ आवाजाकडे पाहते आणि लगेच तो वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहते. त्या क्षणी आपली नजर तेथे असावी. बाळासाठी खेळणे निवडताना प्रथम त्याच्याबरोबर बसण्यासाठी वेळ राखून ठेवावा; मग खेळणे मातीचे असले तरी चालेल.